मास्टर विठ्ठल आणि मुका शिपाई

सिनेमा विद्यार्थ्यांनीं पाहावा कीं पाहूं नये, हा वाद आमच्या शाळेच्या वक्तृत्वसभेंत जवळजवळ दर वर्षीं रंगतो आणि दर वर्षीं तो अनिर्णीतच राहतो. जीं मुलें "पाहूं नये" या पक्षानें तावातावानें बोलतात, तींच दुसऱ्या दिवशीं मधल्या सुटींत एखाद्या नायकाच्या थाटानें चालतांना आम्हीं पाहिलीं आहेत. पालकांचीही काळजी हीच. पूर्वीं जत्रेच्या तंबूंत वर्षाकाठीं एखादा खेळ दिसे. आतां खेळ मुलाच्या मुठींत, मोबाइलच्या कांचेवर, अष्टौप्रहर चालू असतो. या लेखांत आम्ही तो जुना वाद पुन्हां उकरून काढणार नाहीं. पडद्यावरील एका वीराची हकीकत सांगावी, आणि तिजवरून मुलांनीं, घरानें व विशेषतः आम्हां शिक्षकांनीं काय शिकावें तें मांडावें, एवढाच आमचा हेतु आहे. तो वीर म्हणजे मूकपटांच्या काळांत गाजलेले मास्टर विठ्ठल.

चित्रपटाचा विषय आमच्या घोटीस अगदींच परका नाहीं. येथून उत्तरेस डोंगरांपलीकडे त्र्यंबकेश्वर आहे. तेथें सन १८७० मध्यें दादासाहेब फाळके यांचा जन्म झाला. मुंबईंत ख्रिस्ताच्या जीवनावरील एक मूकपट पाहत असतां आपल्या देशांतील पुराणपुरुषांचीं चित्रेंही पडद्यावर अशींच हलतीं करावीं, असा ध्यास त्यांस लागला. ही गोष्ट वाचतांना आम्हां ख्रिस्ती शिक्षकांस विशेष कौतुक वाटतें. सन १९१३ मध्यें त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' मुंबईंत प्रसिद्ध झाला, आणि त्यानंतर त्यांनीं आपला कारखाना नाशिकांत आणिला. नाशिकांत तयार झालेलें चित्र मुंबईस न्यावयाचें तर आगगाडीनें घोटी ओलांडून व थळ घाट उतरूनच न्यावें लागे. म्हणजे हिंदी सिनेमाचें बाळपण आमच्या दारावरून ये-जा करीत होतें, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

त्या मूकपटांच्या दिवसांत जगभर ज्या वीरांचा बोलबाला होता, त्यांत अमेरिकेंतील 'काउबॉय' अग्रभागीं होते. काउबॉय म्हणजे साधा गुराखी. भातखाचरांच्या बांधावर गुरें राखून मग शाळेंत येणारीं मुलें आमच्याही वर्गांत बसतात. त्यांच्यावर अद्याप कोणी चित्रपट काढलेला नाहीं! पण अमेरिकेनें आपल्या गुराख्यास घोड्यावर बसविलें, कमरेला पिस्तुल लाविलें आणि त्यास जगाचा नायक केलें. या नायकांचा मुकुटमणि टॉम मिक्स. त्यांचा 'टोनी' नांवाचा घोडादेखील मुलांना तोंडपाठ होता. सुमारें २९० चित्रपटांत त्यांनीं कामें केलीं. त्यांतील बोलके चित्रपट मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच. कंपनीच्या जाहिरातवाल्यांनीं त्यांस देशोदेशींच्या लढाया गाजविलेला रणशूर म्हणून मिरविलें. प्रत्यक्षांत ते सैन्यांत होते हें खरें, परंतु रणांगण त्यांनीं कधीं पाहिलें नव्हतें. त्यांचें घोड्यावरील कसब खरें होतें. त्याला खोट्याचें ठिगळ जोडण्याची कांहींएक गरज नव्हती. बोलपट आले तेव्हां त्यांचा तारा मावळूं लागला. सर्कशींतून घोडा दौडवीत त्यांनीं पुढील कांहीं वर्षें काढलीं, आणि सन १९४० मध्यें मोटार-अपघातांत त्यांचा अंत झाला.

आमच्याकडे गुराख्याच्या ठिकाणीं शिलेदार आला, आणि पिस्तुलाच्या ठिकाणीं तरवार आली. घोडदौड, कोटावरून उडी, चार-सहा जणांशीं एकट्यानें हातघाई, हा सारा थाट तोच. या शिलेदारांत पहिलें नांव मास्टर विठ्ठल यांचें. "हिंदुस्थानचे डग्लस फेअरबँक्स" असें लोक त्यांस कौतुकानें म्हणत. फेअरबँक्स यांचा 'थीफ ऑफ बगदाद' हा सन १९२४ चा मूकपट त्या काळीं आपल्या देशांत फार लोकप्रिय होता. त्यावरून या उपमेची थोरवी ध्यानांत यावी.

परंतु विद्यार्थिमित्रांनीं नीट लक्षांत घ्यावें कीं, विठ्ठल हे एका रात्रींत घोड्यावर चढले नाहींत. लहानपणीं ते राजापूरकर नाटक मंडळींत रंगभूमीवर उभे राहिले. पुढें कोल्हापुरास बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनींत त्यांस काम मिळालें तें नायकाचें नव्हे. चित्रफितीची कापाकाप व जुळवणी करण्याचें. अंधाऱ्या खोलींत बसून इतरांचे पराक्रम कात्रीनें कापावयाचे आणि पुन्हां सांधावयाचे, हें तें काम. सन १९२४ च्या 'कल्याण खजिना' या चित्रपटांत ते पडद्यावर आले तेव्हां तेही स्त्रीवेषांत, नर्तकी म्हणून. ज्या पुरुषाच्या तरवारीवर पुढें लोक लुब्ध झाले, त्यानें आरंभीं लुगडें नेसून नाच केला, आणि त्यांत कमीपणा मानिला नाहीं. सन १९२५ मध्यें मुंबईंत शारदा फिल्म कंपनी निघाली. तिच्या 'रतन मंजिरी' या सन १९२६ च्या चित्रपटांत ते नायक झाले, आणि त्यानंतर चार-पांच वर्षें शारदा कंपनी व मास्टर विठ्ठल हीं दोन नांवें लोकांच्या तोंडीं एकत्रच असत. त्या काळच्या सर्वाधिक वेतन घेणाऱ्या नटांत त्यांची गणना होई.

मूकपटाचा एक मोठा गुण असा कीं, त्यास भाषेची अडचण नसे. मधूनमधून दोन-तीन भाषांतील पाट्या पडद्यावर येत. ज्यांस वाचतां येत नसे त्यांच्यासाठीं कोणी साक्षर शेजारी त्या मोठ्यानें वाची. पेटी-तबल्याची साथ चाललेली असे. नट कोणत्या मुलखाचा, त्याच्या बोलण्याची ढब कशी, याची चौकशी कोणीही करीत नसे. मराठी मनुष्याची तरवार मद्रासेंतल्या माणसास कळे आणि लाहोरांतल्याही माणसास कळे. देह बोलत होता, तोंवर जिभेचें कांहींएक अडत नव्हतें.

मग सन १९३१ आलें. अर्देशीर इराणी यांनीं 'आलम आरा' हा आपल्या देशांतील पहिला बोलपट काढला, आणि १४ मार्च रोजीं तो मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहांत लागला. चित्रशाळेशेजारूनच आगगाडी जात असल्यामुळें तिचा आवाज येऊं नये म्हणून त्याचें चित्रण रात्रीं, गाड्या थांबल्यावर होत असे. नायिका जुबेदा, आणि नायक राजपुत्र मास्टर विठ्ठल! ही भूमिका करण्यासाठीं त्यांनीं शारदा कंपनी सोडली. कंपनीनें करार मोडल्याबद्दल त्यांजवर दावा लाविला. विठ्ठल यांची बाजू बॅरिस्टर महंमद अली जीना यांनीं मांडली, आणि निकाल विठ्ठल यांच्यासारखा लागला. करार मोडणें हें विद्यार्थ्यांपुढें आदर्श म्हणून ठेवावें असें आम्हांस वाटत नाहीं. आम्हांस येथें एवढेंच दाखवावयाचें आहे कीं, बोलक्या पडद्यावर उभें राहण्याची या मूक नटाची हौस इतकी जबर होती कीं तिजसाठीं तो न्यायालयाची पायरी चढला.

आणि पडद्यावर काय घडलें? विठ्ठल यांच्या तोंडीं हिंदी-उर्दू सफाईनें बसेना. म्हणून त्यांचा राजपुत्र बराच वेळ गुंगींत, अर्धवट शुद्धींत असल्याचें दाखविलें आणि त्याच्या वाट्यास थोडकींच वाक्यें ठेविलीं, असें चित्रपटांच्या इतिहासांत सांगतात. बोलण्यासाठीं खटला जिंकून आलेल्या मनुष्यास पहिल्याच बोलपटांत निजवून ठेविलें! त्या चित्रपटाची एकही प्रत आज शिल्लक नाहीं. त्यामुळें त्यांनीं तीं थोडकीं वाक्यें कशीं उच्चारलीं, हें ऐकण्याचा मार्गही उरला नाहीं.

येथें आम्हांस आमच्याच शाळेंतील एक गोष्ट कबूल केली पाहिजे. किंबहुना ती मनांत सलत आहे म्हणूनच हा लेख लिहावयास घेतला.

गेल्या स्नेहसंमेलनांत एका ऐतिहासिक नाटकाचा प्रवेश बसवीत होतों. घोटीपासून दोन कोसांवरील एका वाडींतून पायीं येणारा एक मुलगा लाठी व दांडपट्टा असा फिरवितो कीं पाहणाऱ्यानें श्वास रोखून धरावा. त्यास आम्हीं किल्लेदाराची भूमिका दिली. भूमिकेंत दोन-तीनच वाक्यें होतीं. गडावरील टाक्यांतलें पाणी संपत आल्याची वार्ता किल्लेदारानें सांगावयाची होती. मुलगा म्हणाला, "पानी." आम्हीं सांगितलें, "पाणी." तो पुन्हां म्हणाला, "पानी." तालमीस जमलेलीं मुलें हंसलीं. मुलाची मान खालीं गेली. संमेलन चार दिवसांवर आलें होतें, आणि आम्हांस घाई होती. दुसऱ्या दिवशीं किल्लेदाराची पगडी बाजारपेठेंतील एका चुणचुणीत मुलाच्या डोक्यावर चढली, आणि या मुलास आम्हीं भाला देऊन दरवाजावर उभा केला. शिपायास एकही वाक्य नव्हतें. लढाईच्या प्रवेशांत त्यानें पट्टा फिरविला तेव्हां टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि आपण मोठी युक्ति साधली असें आम्हांस वाटलें.

कार्यक्रम संपल्यावर त्याची आई आम्हांस भेटली. लुगड्याचा पदर सांवरीत ती म्हणाली, "गुरुजी, पोर लई देखणं दिसलं. पण त्याला बोलाया कवा लावणार?"

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. पुढें कांहीं दिवसांनीं मास्टर विठ्ठल यांची ही हकीकत वाचनांत आली, आणि गुंगींतल्या राजपुत्राजवळ आम्हांस आमचा मुका शिपाई उभा दिसूं लागला.

आमचें मत आम्ही स्पष्ट सांगतों. 'आलम आरा' काढणाऱ्यांस आम्ही दोष देत नाहीं. त्यांचा पैसा गुंतलेला होता, यंत्रें नवीं होतीं, लोकांस लोकप्रिय नट पाहिजे होता; उणीव झांकून काम पुढें रेटणें हाच त्यांच्या धंद्यांतील शहाणपणा होता. परंतु शाळा ही फिल्म कंपनी नव्हे. आमच्याकडे तिकिटें विकावयाचीं नसतात. मुलाची उणीव प्रेक्षकांपासून झांकणें हें आमचें काम नसून, त्या उणिवेशीं मुलाबरोबर झटणें हें आमचें काम आहे. चार दिवसांत 'ण' साधत नसेल तर चार महिने घ्यावे. संमेलन थोडें फिकें झालें तरी चालेल. ज्या मुलाचे हात चांगले चालतात त्यास फक्त हातांचें काम द्यावयाचें, आणि ज्याची जीभ चांगली चालते त्यास फक्त जिभेचें, ही वांटणी वरवर सोईची दिसते. पण मुलगा शाळा सोडून जातो तेव्हां ही वांटणी त्याच्याबरोबर जन्मभर जाते. कचेरींत, बँकेंत, भाताच्या व्यापाऱ्यापुढें, दवाखान्यांत तो दरवाजावर उभाच राहतो. बोलतो दुसराच कोणी.

येथें कोणी म्हणेल कीं, 'पानी' म्हणण्यांत उणीव ती काय? ती त्याची घरची बोली आहे. तुम्ही पंडित लोक उगाच तिला नांवें ठेवितां. या आक्षेपांत पुष्कळ तथ्य आहे, आणि आम्ही तो मान्य करितों. घरची बोली हा दोष नव्हे. ती हंसण्याजोगी तर नाहींच. हंसणाऱ्या मुलांस त्या दिवशीं आम्हीं समज द्यावयास पाहिजे होती, ती दिली नाहीं, ही आमची दुसरी चूक. परंतु ज्या भाषेंत कायदा लिहिला जातो, परीक्षा घेतली जाते आणि अर्ज केला जातो, ती भाषाही त्याच्या हातीं असली पाहिजे. एक सोडून दुसरी घ्यावी असें आम्ही म्हणत नाहीं. घरीं आईशीं 'पानी' आणि सभेंत 'पाणी', अशा दोन्ही वाटा ज्यास ठाऊक आहेत त्यास कोणीही वाटेंत अडवूं शकत नाहीं.

पवित्र शास्त्रांत मोशेची कथा सर्वांच्या परिचयाची आहे. इस्राएल लोकांस दास्यांतून सोडविण्याचें महत्कार्य ज्यास नेमून दिलें, तो स्वतःस जड जिभेचा म्हणवीत होता. देवानें त्यास सोडून देऊन दुसरा कोणी वाक्पटु मनुष्य शोधला नाहीं; त्याचा भाऊ अहरोन त्याच्या साहाय्यास दिला. आम्हां शिक्षकांचें स्थान अहरोनाचें आहे, असें आम्ही समजतों. मात्र अहरोनानें मोशेची जागा घ्यावयाची नसते, हेंही तितकेंच खरें.

आतां मास्टर विठ्ठल यांच्या उत्तरायुष्याकडे वळूं, कारण आमच्या मतें तेंच अधिक अभ्यसनीय आहे. तारा मावळला म्हणून ते रुसून घरीं बसले नाहींत. सन १९३३ मध्यें त्यांनीं स्वतः एक बोलपट दिग्दर्शित केला. तो मराठींत 'औट घटकेचा राजा' व हिंदींत 'आवारा शहजादा' या नांवांनीं निघाला. त्यांत एका राजपुत्राची व त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या एका गरीब मुलाची अशा दोन्ही भूमिका एकाच नटानें केल्या. आपल्या बोलपटांतील ही पहिली दुहेरी भूमिका मानिली जाते. तो नट म्हणजे अहमदनगरच्या ख्रिस्ती कुटुंबांतील शाहू मोडक. सन १९१८ चा जन्म, म्हणजे त्या वेळीं वय अवघें पंधरा. आमच्या वरच्या वर्गांतील मुलांएवढाच! पुढें हेच शाहू मोडक सन १९४० च्या 'संत ज्ञानेश्वर' या चित्रपटांत ज्ञानेश्वर झाले, आणि श्रीकृष्णाच्या भूमिका तर त्यांनीं अनेक केल्या. ज्या मनुष्यास स्वतःच्या पहिल्या बोलपटांत धड बोलावयास मिळालें नाहीं, त्यानें पुढें एका पोरसवद्या मुलाच्या तोंडीं दोन माणसांचें बोलणें दिलें. आम्हांस तरी त्यांच्या तरवारीच्या सगळ्या हातांपेक्षां ही गोष्ट मोठी वाटते.

त्यानंतर ते मराठी बोलपटांत कामें करीत राहिले. 'नेताजी पालकर' (सन १९३९), 'बहिर्जी नाईक' (सन १९४३) अशा ऐतिहासिक चित्रपटांत ते दिसले. हळूहळू भूमिका लहान होत गेल्या. ज्यांच्या नांवावर खेळ चालत असत, ते पुढें पडद्याच्या कडेला उभें राहणारें पात्र झाले; तरी ते वर्षानुवर्षें कामावर येत राहिले. सन १९६९ मध्यें ते वारले. त्यांच्या ऐन वैभवांतील मूकपट बहुतेक नष्ट झाले आहेत.

विद्यार्थिमित्रहो, यांतून तुम्हीं काय घ्यावें? मोबाइलवर उड्या मारणारा वीर पाहून घाटाच्या कठड्यावर किंवा फलाटाच्या कडेला तशीच उडी मारून चित्र घेणें, हें शौर्य नव्हे. विठ्ठल यांची उडी सर्वांनीं पाहिली. त्यांच्या हातांतील कात्री कोणी पाहिली नाहीं. अनुकरण करावयाचें तर त्या कात्रीचें करा. आणि एकाच गुणावर सारी भिस्त ठेवूं नका. ज्याचें अंग चपळ आहे त्यानें वाचन करावें. ज्याचें पाठांतर चांगलें आहे त्यानें मैदानावर घाम गाळावा. काळ केव्हां पालटेल आणि तुमच्याजवळ नसलेलेंच केव्हां मागेल, हें कोणी सांगावें? धन्यानें दासांस सोंपविलेल्या द्रव्याचा दाखला तुम्ही प्रार्थनेच्या वेळीं ऐकतां. ज्यानें आपल्या वाट्याचें पुरून ठेविलें त्याचें काय झालें, तें आठवा.

पालकांस आमची विनंती एवढीच कीं, घरीं रोज पाव तास मुलाकडून कांहीं तरी मोठ्यानें वाचून घ्यावें. वर्तमानपत्र असो, पाठ्यपुस्तक असो, भाताच्या पोत्यावरील छापील मजकूर असो. ज्यांस स्वतःस वाचतां येत नाहीं त्यांनींही नुसतें समोर बसून ऐकावें. ऐकणारें माणूस समोर असलें म्हणजे मुलाचा आवाज आपोआप मोकळा होतो. मोबाइल हिसकावून घेण्यापेक्षां हा उपाय अधिक गुणकारी आहे, असा आमचा अनुभव आहे.

आणि आम्हीं स्वतः काय केलें? यंदाच्या संमेलनांत बिनबोलीचें एकही पात्र ठेवावयाचें नाहीं, असें आम्हीं ठरविलें आहे. शिपायास एक तरी वाक्य असेल. त्या मुलास आम्हीं सकाळच्या प्रार्थनेंत शास्त्रवाचनासाठीं उभें केलें. शोमरोनांतील विहिरीवर येशू ख्रिस्त एका स्त्रीशीं बोलतो, तो उतारा आम्हीं मुद्दाम निवडला. त्यांत 'पाणी' हा शब्द वारंवार येतो. मुलगा पहिल्यानें अडखळला. बऱ्याच ठिकाणीं 'पानी' म्हणाला, दोन ठिकाणीं 'पाणी' म्हणाला, आणि उतारा शेवटपर्यंत वाचून खालीं बसला. कोणीही हंसलें नाहीं. पुढच्या आठवड्याचें वाचन त्याच्याकडेच आहे.